ब्रिन आवेलच्या खिडकीतलं कार्ड

एलुनेद पॅरीच्या घरी कोणी पहिल्यांदा आलं की कोट काढायच्या आधी त्याला ते कार्ड बघावं लागायचं. शेकोटीच्या वर, काळ्या चौकटीत, काचेखाली. वीतभर लांबीचं, पिवळं पडलेलं, आणि त्यावर ठळक छापलेलं: ‘या घरात गद्दार नाही.’ बस. आमच्या नांत-गोख गावात याहून जास्त काही लिहायची गरजच नाही. पाटीच्या दगडाच्या खाणीत तीन वर्षं संप चालला, तेव्हा ज्या घरातला माणूस कामावर परत गेला नाही त्या घराच्या खिडकीत हे कार्ड असायचं. जो गेला त्याच्या खिडकीतून ते जायचं, आणि मग त्याला दुकानात पीठ मिळायचं, पण ‘कसा आहेस रे’ म्हणणारं कोणी मिळायचं नाही. याला शंभरावर वर्षं होऊन गेली. पण आमच्याकडे शंभर वर्षं म्हणजे काय, परवाची गोष्ट.

एलुनेदचं वय एकोणसत्तर. नोकरी सगळी वाचनालयात गेली, आणि निवृत्त झाल्यावर बाईनं गावाच्या वंशावळी काढायचं खूळ घेतलं. जुनी वर्तमानपत्रं आता घरबसल्या संगणकावर वाचता येतात. शिरगणतीचे कागद आहेत, चॅपेलच्या वह्या आहेत. कोणाचा पणजोबा कुठल्या शेतावर जन्मला, कोणाच्या पणजीनं लग्नाआधी किती महिने वाट पाहिली, सगळं एलुनेदला पाठ. आणि तोंड तर असं फटकळ की विचारू नका. शेजारच्या गावचा एक बापडा, पणजोबा अनाथालयात जन्मले हे ऐकून तिच्या समोर रडायला लागला, तर ही म्हणते, “रडून काय होणार? कागद म्हणतो ते खरं. घरात सांगतात त्या नुसत्या गोष्टी.” हे वाक्य तिनं निदान दोनशे लोकांना ऐकवलं असेल. स्वतःला मात्र कधी ऐकवलं नाही. ऐकवायची गरजच काय? तिच्या भिंतीवर कार्ड होतं ना!

त्या वर्षी आमचं चॅपेल बंद व्हायचं ठरलं. रविवारी अकरा माणसं येणार, छप्पर गळणार, चालवणार तरी किती दिवस? तर शेवटच्या प्रार्थनेच्या दिवशी मागच्या खोलीत गावच्या जुन्या वस्तू मांडायच्या आणि एक पुस्तिका काढायची, असं पंचांनी ठरवलं. पंच म्हणजे चॅपेलात सगळ्यांत पुढच्या, लोकांकडे तोंड केलेल्या बाकावर बसणारी मंडळी. एलुनेद त्यांतलीच एक. पुस्तिका अर्थात तिच्याकडेच आली. मुखपृष्ठावर काय घ्यायचं यावर चर्चाही झाली नाही. पॅरींचं कार्ड!

एका शनिवारी ती चॅपेलच्या वह्या न्यायला गेली, तर नेस्टा हम्फ्रीज गुडघ्यावर बसून पुढचा बाक पुसत होती. नेस्टा तिच्याच वयाची, एकाच वर्गातली. चाळीस वर्षं दर शनिवारी ती चॅपेल झाडते. राहते गद्दारांच्या ओळीत. त्या ओळीला कागदावर दुसरं नाव आहे, पण ते फक्त पोस्टमनला ठाऊक. संप मोडून कामावर गेलेल्यांसाठी खाणमालकानं ती बारा घरं बांधली, आणि तिथं जन्मलेलं पोर गद्दाराचंच असणार हे गावानं तेव्हाच धरून टाकलं.

“एलुनेद, पुस्तिकेत आमच्या ओळीबद्दल काय लिहिणारेस?” नेस्टानं मान वर न करता विचारलं.

“लिहीन की दोन ओळी. जे आहे ते.”

“जे आहे ते काय आहे, हेच तर बघ म्हणते. माझे पणजोबा, ग्रिफिथ विन. माझ्या आजीचे वडील. संपात काय केलं त्यांनी, ते पेपरात असेल ना?”

एलुनेद जरा चपापली. “अगं, आता कशाला उकरायचं ते? झालं गेलं.”

“तुझं काय जातंय? दुनियेच्या पणज्या उकरतेस. माझ्याच वेळी फावडं बोथट झालं होय?” नेस्टानं फडकं पिळलं. “गद्दार निघाले तर निघाले. मी काय आता लग्नाची थोडीच आहे? पण छापलेलं बघायचंय मला. लोकांच्या तोंडचं पुष्कळ ऐकलं.”

आता नेस्टाला नाही म्हणणं एलुनेदला जरा जडच होतं, आणि त्याला कारण होतं. पंचवीस वर्षांपूर्वी पंच निवडताना नेस्टाचं नाव पुढे आलं होतं. तेव्हा ही उभी राहिली आणि गोड आवाजात म्हणाली, “मला वैयक्तिक काही म्हणायचं नाही. पण लोकांना अजून आठवतं.” एवढंच. नेस्टा सहा मतांनी पडली. पुढच्या शनिवारी ती नेहमीसारखी बादली घेऊन आली, आणि जो बाक तिला मिळाला नाही तोच आधी पुसला.

घरी येऊन एलुनेदनं चहा केला आणि संगणक उघडला. तिला वाटलं, अर्ध्या तासाचं काम. आधी १९०१ ची शिरगणती. ग्रिफिथ विन, वय चौतीस, खाणकामगार, बायको लाउरी, दोन मुलं. आणि घर? ब्रिन आवेल.

एलुनेदनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. ब्रिन आवेल म्हणजे ती आत्ता बसली होती ते घर. याच खिडकीशी, याच शेकोटीसमोर. मग पॅरी कुठे होते? पॅरी सापडले डोंगरापलीकडच्या खोऱ्यात, के ड्राइन नावाच्या घरात. विल्यम पॅरी, वय पस्तीस. मुलगा रॉबर्ट, वय आठ. रॉबर्ट म्हणजे तिचे आजोबा. तिला मांडीवर घेऊन पेपर वाचून दाखवणारे आजोबा.

‘घर बदललं असेल, त्यात काय,’ ती स्वतःशी म्हणाली. तिनं वर्तमानपत्र काढलं. १९०२, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. पानं भराभर सरकवत गेली. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातल्या अंकात, एका संगीतसभेच्या बातमीखाली, चार बोटं मजकूर होता:

‘गेल्या शनिवारी नांत-गोख येथील ब्रिन आवेल हे खाणमालकाचे घर ग्रिफिथ विन यांच्याकडून काढून घेण्यात आले. त्यांच्या पत्नीस बाळंत होऊन नऊच दिवस झाले होते. सामान रस्त्यावर पडलेले सर्वांनी पाहिले. खिडकीतील कार्ड मात्र कुलूप लावणाऱ्यांच्या ध्यानात आले नाही. ते अद्याप तेथेच आहे. सदर घर के ड्राइन येथील विल्यम पॅरी यांस देण्यात आले असून, हे गृहस्थ गेल्या महिन्यात कामावर परत गेले. पूर्वी तेथील चॅपेलात पहिला सूर लावून गाणे उचलून देण्याचे काम त्यांच्याकडे असे.’

चहा गार झाला. विल्यम पॅरी गावोगाव पैशाला पासरी मिळतील, ही एक आशा होती. पण गाणं उचलून देणारा, के ड्राइनचा, एकच. त्याचा सूर लावायचा पोलादी काटा अजून तिच्याच कपाटात होता.

मग एकेक गोष्ट जुळायला लागली, नको नको म्हणताना जुळायला लागली. कार्ड सापडलं ते आजीला, लग्न होऊन या घरात आल्यावर. भिंतीचा कागद बदलताना खिडकीच्या लाकडी झडपेमागे. आजी बिचारी हरखून गेली, म्हणाली, माझं सासर किती मानी! तोवर संप पाहिलेली बहुतेक घरं दक्षिणेच्या कोळशाच्या खाणींकडे निघून गेली होती, खोडून काढणारं कोणी उरलं नव्हतं. तिनं चौकट करून घेतली, तिनं मिरवलं, तिच्या मुलानं मिरवलं, मग नातीनं. आणि आजोबा? आजोबा कायम कार्डाकडे पाठ करून बसायचे. पाहुण्यानं विषय काढला की कोळशाची बादली भरायला उठायचे, भरलेली असली तरी. घरात सगळे म्हणायचे, किती विनयी माणूस. कसला विनय! नऊ वर्षांचं पोर बापाचं बोट धरून दुसऱ्याच्या घरात शिरलं होतं, आणि ते जन्मभर मूग गिळून बसलं.

पण एलुनेदला खरं टोचलं ते आजोबांचं नव्हतंच. ते टोचलं अकराव्या वर्षाचं. बाईंनी वर्गात घरची जुनी वस्तू आणायला सांगितली होती. हिनं कार्ड आणलं. टेबलावर ठेवायला नेस्टा पुढे झाली, तिनं हात लावला, आणि ही सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशी ओरडली, “हात नको लावूस! तुमच्या ओळीतल्यांचे हात यावर शोभत नाहीत!” पोरं खिदळली. बाई काही बोलल्या नाहीत, त्याही पॅरींच्याच बाजूच्या. नेस्टानं हात मागे घेतला आणि फ्रॉकला पुसला. ते पुसणं एलुनेदला अठ्ठावन्न वर्षांनी, गार चहासमोर, लख्ख दिसलं. हात नेस्टाचा आणि कार्डही नेस्टाचंच. चोर कोण, आणि ओरडलं कोण!

आता तुम्ही म्हणाल, उठली असेल आणि गेली असेल नेस्टाकडे. छे! माणूस इतक्या सहज चांगला होत असता तर काय हवं होतं. तिनं संगणक मिटला. पुस्तिकेचं मुखपृष्ठ छापखान्यात गेलं होतं. गावभर पॅरींचं नाव होतं. आणि ही गोष्ट ठाऊक असलेली अख्ख्या जगात ती एकटी होती, असं तिला वाटलं.

मंगळवारी दुकानाच्या दारात नेस्टानं गाठलंच. “काय गं, सापडले का आमचे म्हातारबुवा?”

“नाही ना,” एलुनेद म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. “अंकच नाहीत. १९०२ च्या मे महिन्यातले नेमके गहाळ आहेत. होतं असं कधीकधी.”

नेस्टानं तिच्याकडे बघितलं. “मे महिन्यातले?”

“हो. मे महिन्यातले.”

“बरं,” नेस्टा म्हणाली. “घेतलेस कष्ट, तेच पुष्कळ.”

दुसऱ्या दिवशी एलुनेदच्या दाराशी कागदात गुंडाळलेला ‘बारा ब्रिथ’ होता, चहात मुरवलेल्या मनुकांचा पाव. वर चिठ्ठी: ‘कष्टांबद्दल. नेस्टा.’ एलुनेदनं एक काप कापला, लोणी लावलं, तोंडात घातला आणि तो गिळता येईना. तिनं तो हातात काढून घेतला आणि सिंकपाशी उभी राहून रडली. दोनशे लोकांना ‘कागद म्हणतो ते खरं’ सांगणारी ही, आणि जगात एकाच कागदाला ‘गहाळ’ म्हणाली, तो कोणाचा, तर नेस्टाचा! तिला स्वतःची किळस आली. चार दिवस ती त्या खोलीत आजोबांसारखीच कार्डाकडे पाठ करून बसली, आणि आपण पाठ करून बसलोय हे लक्षात आलं तेव्हा मात्र तिच्यानं राहवेना.

रविवारी दुपारी तिनं कार्ड चौकटीसकट भिंतीवरून उतरवलं, बातमीची प्रत काढली आणि गद्दारांच्या ओळीत गेली. अर्ध्या मैलाचा रस्ता. एकोणसत्तर वर्षांत त्या ओळीत ती पहिल्यांदा पाय ठेवत होती, हे तिला नेस्टाचं दार वाजवताना कळलं.

नेस्टानं दार उघडलं, काखेतली चौकट बघितली. “ये,” म्हणाली. “किटली ठेवलीय.”

एलुनेद बसली नाही. उभ्यानंच तिनं बातमी वाचून दाखवली. ‘विल्यम पॅरी’ हे नावसुद्धा वाचलं. संपल्यावर म्हणाली, “मी तुझ्याशी खोटं बोलले, नेस्टा.”

“ते तेव्हाच कळलं. मी मे महिना तुला सांगितलाच नव्हता.” नेस्टानं शांतपणे कप मांडले. “मला महिना ठाऊक होता. तुला कसा ठाऊक?”

“म्हणजे... तुला हे सगळं माहीत होतं?”

“नऊ दिवसांचं बाळ म्हणजे माझी आजी. तिला तिच्या आईनं सांगितलं, तिनं मला. पणजोबा कोळशाच्या खाणीत गेले दक्षिणेला, तिथंच दगडाखाली मेले. पणजी पोरं घेऊन परत आली, तर गावात घर कोण देणार? या ओळीत एक रिकामं होतं, कारण नाक असलेला माणूस इथं राहायला तयार नव्हता. पणजीला नाकापेक्षा पोरं मोठी होती. झालं. आलो आम्ही गद्दारांत.”

“मग बोलली का नाहीस? इतकी वर्षं?”

“कोणापाशी? कार्ड तुमच्या भिंतीवर, आणि मी या ओळीतली. तू ऐकलं असतंस?” नेस्टानं चहा ओतला, आणि मग तिचा आवाज पहिल्यांदा हलला. “वर्गात मी हात का लावला, ठाऊक आहे? मला ते उलटं करायचं होतं; चौकटीच्या मागे पुठ्ठा असतो हे त्या वयात कुठे ठाऊक. संपात घरचं बायबल पिठापायी गेलं. जन्ममृत्यू त्यातच लिहायचे, मग आता लिहायचे तरी कुठे? म्हणून पणजोबांनी आजीचं नाव कार्डाच्या मागच्या बाजूला लिहिलं. पणजोबांचा फोटो नाही, त्यांच्या हातचं दुसरं अक्षर नाही. आजी सकाळी मला म्हणाली, बघून ये गं, अजून आहे का. घरी वाट बघत बसली होती. मी गेले आणि सांगितलं, आहे आजी, मोठ्ठ्या अक्षरात आहे.” तिनं नाक पुसलं. “खोटं. तू मला उलटू कुठे दिलंस? आजी गेली त्याच खोट्यावर. ते काही मला सुटलं नाही.”

एलुनेदनं चौकट टेबलावर पालथी घातली. नेस्टानं भाजीची सुरी आणली. मागचा तपकिरी कागद फाडला, बारीक खिळे एकेक करून उचकटले, पुठ्ठा काढला. दोघींची डोकी जवळजवळ आली.

शिसपेन्सिलीनं लिहिलेलं होतं, चौकट करताना एलुनेदच्या आजीच्या नजरेतून सुटेल इतकं पुसट, पण सरळ ओळीत: ‘अ‍ॅन. गुरुवार, ८ मे १९०२, पहाटे पाच वाजता. आई सुखरूप आहे. ग्रि. वि.’

कार्ड खिडकीत असताना ही बाजू खोलीकडे असणार. म्हणजे विल्यम पॅरीनं त्या घरात पाऊल टाकल्यावर आधी हेच वाचलं असणार. एलुनेदच्या मनात हे आलं आणि तिनं कार्डाजवळचा हात मागे घेतला.

नेस्टा अक्षरांवरून बोट फिरवत होती, न टेकवता. “आहे गं आजी,” ती म्हणाली. “मोठ्ठ्या अक्षरात नाही, पण आहे.”

एलुनेद म्हणाली, “नेस्टा, मला माफ...”

“ते नको. सत्तरीला आले, आता ती माफी घेऊन मी ठेवू कुठे?” नेस्टानं कार्ड स्वतःच्या पुढ्यात ओढलं. “एक कर. त्या दिवशी वर्गात जेवढ्या मोठ्यानं ओरडली होतीस ना, तेवढ्याच मोठ्यानं सांग. शेवटच्या प्रार्थनेला. सगळ्यांसमोर.”

“पुस्तिकेत छापते की. नवं मुखपृष्ठ करते.”

“पुस्तिका कोण वाचतंय, बाई? तू ओरडली होतीस. छापलं नव्हतंस.”

शेवटच्या प्रार्थनेला चॅपेल भरलं. बंद होतंय म्हटल्यावर सगळ्यांना यायचं सुचलं. नव्वद माणसं असतील. मागच्या खोलीत कार्ड मांडलं होतं, मागची बाजू वर करून, आणि लोक गोंधळून एकमेकांना विचारत होते. प्रार्थना झाली, दोन गाणी झाली. मग एलुनेद पुढच्या बाकावरून उठली. हातात कागद नव्हता. पंचांपैकी एकानं, पुस्तिकेबद्दल काही बोलणार असेल म्हणून, कौतुकानं मान हलवली.

“माझे पणजोबा विल्यम पॅरी,” ती म्हणाली. “संपात... ते...”

पुढचं कोणाला कळलं नाही. लोक जरा पुढे वाकले. एलुनेदनं बाकाची कड घट्ट धरली. पंचवीस वर्षांपूर्वी याच जागी उभी राहून ती किती सहज बोलली होती.

मागच्या रांगेतून, दाराशेजारून, नेस्टाचा आवाज आला.

“ऐकू येत नाही.”

एलुनेदनं तिच्याकडे बघितलं. मग तिनं बाक सोडला, दोन पावलं पुढे आली आणि पहिल्यापासून सुरुवात केली, भिंतीवरून आवाज परत येईल इतक्या मोठ्यानं.